पाणी सुधारलं की कळवा

थडी जांभळी, ता. पूर्णा
१८ जानेवारी, शनिवार

चि. सौ. राजेश्रीस,

आशीर्वाद. हे फुकटचे आहेत, परत पाठवू नकोस.

लोणच्याची बरणी मिळाली. धुऊन, पुसून, उन्हात वाळवून, रिकामी. बाई, शेजारणीची वाटीसुद्धा आपण रिकामी परत देत नाही, साखरेचे चार दाणे तरी टाकतो, हे तुझ्या आईनं तुला शिकवलं नसेल असं मला वाटत नाही. तू मुद्दाम रिकामी पाठवलीस हे मला कळलं. मला कळावं म्हणूनच पाठवलीस हेही कळलं. असू दे. इतका स्वच्छ धुतलेला राग मी पहिल्यांदाच पाहिला.

पत्र लिहायचं कारण असं की फोनवर आपलं जमत नाही. तू फोन उचलतेस आणि लगेच पोरीच्या, अर्पिताच्या, कानाला लावतेस. ती माझी चौकशी करत नाही, आपल्या कुत्र्याची करते. तो बरा आहे असं तिला सांग. तुझा नवरा दर रविवारी सेलूला, तुझ्या माहेरी, येतोच, तेव्हा हे पत्र त्याच्याच हाती देते. माझ्या लेकाला, परमेश्वराला, ताकीद दिली आहे की वाचायचं नाही. गाडीत वाचेल तो. वाचू दे, त्यालाही काही कळेल.

दिवाळी झाली आणि तू निघून गेलीस. लेकरू दुसऱ्यांदा काविळीनं पिवळं पडलं होतं. तू पाणी उकळून उकळून थकली होतीस, आणि तुझे सासरे ओसरीत बसून म्हणाले, "आमी जिंदगीभर ह्या नदीचं, गंगेचंच पानी प्यालो. आमी काय मेलो का?" (सासरे असं लिहिते. तू त्यांना मामा म्हणायचीस, पण त्या दिवसापासून तू त्यांना काहीच म्हणत नाहीस.) तू उठलीस. पोरीचे कपडे घेतलेस, पाणी उकळायचं ते मोठं पातेलं घेतलंस, आणि उंबऱ्यात थांबून मला म्हणालीस, "आत्या, पाणी सुधारलं की कळवा."

रागात म्हणाली असशील. पण मी सांगितलेलं काम करणारी बाई आहे. म्हणून कळवते.

गावात पाणीपुरवठ्याचं काम निघालं आहे. परभणीहून भक्ती नावाची इंजिनिअर मुलगी स्कूटीवर येते. परवा ती नदीवर आली तेव्हा मी आणि शेजारची गंगम्मा झिऱ्यावर होतो. तुला माहीत आहे, पावसाळा सरून धार बारीक झाली की आपण वाळूत वीतभर खड्डा करतो आणि त्यात पाझरलेलं नितळ पाणी वाटीनं भरून घेतो. बाजूला धारेत म्हशी बसलेल्या असतात, तरी झिऱ्यात घाण येत नाही. भक्तीनं ते पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "काकू, हाच झिरा आपण काठावर खोल खणायचा. म्हणजे तो पुरात बुडणार नाही, बारा महिने चालेल."

मला एकदम पटलं. आपली अर्पिता दोन्ही वेळा पावसाळ्यातल्या पाण्यानंच आजारी पडली. तेव्हा झिरा बुडालेला असतो, आणि आपण तुरटी फिरवून नदीचं लाल पाणी घरात आणतो.

आता पुढचं ऐक. भक्तीनं दोन-तीन जागी भोकं पाडून पाहिली आणि काठावरची जी जागा पसंत केली, ती आपल्या मळईत, काठच्या गाळाच्या रानात, आहे. मळईत म्हणजे नेमकी माझ्या वांग्यांत. मी हो म्हणून टाकलं. वांगी पुन्हा लावता येतात.

तीळगूळ पाठवते. बरणी परत पाठवशील तेव्हा विचार करून पाठव.

तुझी,
आत्या


थडी जांभळी
१ मार्च, शनिवार

चि. राजेश्रीस,

तुझं पत्र मिळालं. बरणीच्या झाकणाखाली घडी घातलेल्या कागदाला पत्र म्हणायचं असेल तर. त्यावर तीनच शब्द होते, "पाणी तपासलं का?" आणि बरणीत थोडे शेंगदाणे. म्हणजे राग गेलेला नाही, पण रीत आठवली. मी ते दाणे भाजून खाल्ले.

पाणी अजून यायचं आहे, मग तपासणार काय. पण विहीर खणून झाली. पोकलेन आलं, आणि एका सकाळीत माझी फुलावर आलेली वांगी गेली. मी उभी राहून पाहिलं. गंगम्मा मला म्हणाली, "बायने, डोळे मीट." मी म्हणाले, "मीटले तर चांगली झाडं कोण उपटून न्यायलंय ते कसं दिसंल?" आपल्या गल्लीतल्या तिघींनी नेली, नावं तू आलीस की सांगेन.

जागेवरून गावात दोन दिवस गोंधळ झाला. आपले सरपंच व्यंकटराव कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "नदी तिथं वाहायलीय आन् विहीर इथं रानात? मॅडम, काठाला चिटकून घ्या की. भसकन भरंल." भक्ती हसली नाही, हे मला आवडलं. ती म्हणाली, "काका, भसकन भरायला नकोच आहे. नदीचं पाणी वाळूतून, मातीतून हळूहळू विहिरीत यायला हवं. वाटेत गाळ मागे राहतो, रोगाचे जंतूही बरेचसे मागे राहतात. विहीर फार जवळ घेतली तर पाणी घाईत येईल आणि सगळं सोबत घेऊन येईल."

व्यंकटरावांना कळलं नाही, मला कळलं. चहा गाळताना आपण घाईनं गाळणी चमच्यानं दाबतो आणि कपात पत्ती येते, तसं ते आहे.

तुझे सासरे रोज तिकडे असतात. वांग्याच्या काड्या चुलीला आणायला जातो म्हणतात. काड्या पहिल्याच दिवशी संपल्या. विहिरीत सिमेंटच्या कड्या उतरवल्या, त्यांना खालच्या बाजूला भोकं आहेत, पाणी आत यावं म्हणून. त्यांनी प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाले, "भोकाची विहीर करायलेत. पानी काय धरंल ती?" मी म्हणाले, पाणी धरायचं नाही, येऊ द्यायचं आहे. तर जेवण होईपर्यंत गप्प बसले. त्यांना कुणी काही पटवलं की ते गप्प बसतात. माफीही त्यांना अशीच गप्प बसून मागायची सवय आहे, आणि ती समोरच्याला ऐकू येत नाही ही अडचण आहे.

आणखी एक. तू पाण्यात औषधाचे थेंब टाकायचीस आणि आम्ही वास येतो म्हणून तोंड वाकडं करायचो. भक्ती म्हणते की एवढं गाळून आलेल्या पाण्यातही टाकीत थोडं औषध टाकावंच लागेल. तेवढ्यापुरती तू जिंकलीस. हे कागदावर लिहून देते आहे, जपून ठेव.

आता मनातलं लिहिते. परमेश्वर म्हणाला, जूनमध्ये तुम्ही अर्पिताचं नाव सेलूच्या शाळेत, बालवर्गात, घालणार. एकदा शाळेत नाव लागलं की लेकरू तिकडचंच होतं. मग ती इकडे सुट्टीत पाहुणी म्हणून येईल, आणि माझा लेक दर रविवारी बायकोला भेटायला रेल्वेनं जाईल. असे संसार मी पाहिले आहेत. मला तसं नको आहे. तू चुकीची आहेस असं मी कुठेच लिहिलेलं नाही, वर पुन्हा वाचून बघ. एवढंच म्हणते की जूनपर्यंत थांब. ही विहीर तुझ्यासाठी खणलेली नाही, अख्ख्या गावासाठी आहे. पण मी रोज तिकडे बघते ती तुझ्यासाठी.

तुझी,
आत्या


थडी जांभळी
१० मे, शनिवार

चि. राजेश्रीस,

पाणी आलं.

उद्या पोखर्णीला नरसिंहाची जयंती. आपली मंडळी तिकडे निघायच्या गडबडीत आहेत आणि मी ओट्यावर बसून तुला लिहिते आहे, यावरून काय ते समज.

विहीर गुडघाभर भरायलाच किती वेळ लागला. पहिल्यांदा गढूळ आलं, भक्तीनं पंप लावून कितीतरी दिवस ते उपसून टाकलं, आणि मग नितळ यायला लागलं. खालची वाळू वरून दिसते. गंगम्माचं तुला ठाऊकच आहे. त्या लोकांत गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घालत नाहीत, आणि पूजेला तिला झिऱ्याचंच पाणी लागतं. यंत्रानं खणलेल्या विहिरीचं चालणार नाही, असं तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, सांबप्पांचं, आधीच ठरलं होतं. पंपाच्या तोंडाखाली तिनं हात धरला, एक घोट घेतला, थोडा वेळ तोंडातच ठेवला आणि मग म्हणाली, "बायने, हे तर आपल्या झिऱ्याचंच पानी हाय की गं." दुसऱ्या दिवशीपासून तिची पूजा ह्या पाण्यानं होते. त्यांच्यातल्या सगळ्या घरांचा प्रश्न मिटला.

पहिला नमुना परभणीला तपासायला गेला होता. पास झाला. तू विचारलं होतंस म्हणून सांगते.

२२ जूनला, रविवारी, जलपूजन आहे. त्या दिवशी घरोघरच्या नळाला पाणी सुटणार. तू ये, अर्पिताला घेऊन. राहत नाही म्हणालीस तरी चालेल, दिवसभरासाठी ये. आपल्या डोळ्यांनी पाणी बघ, हवं तर पुन्हा तपासून घे, आणि मग शाळेचं काय ते ठरव. मी एक शब्द बोलणार नाही. (बोलेन, पण जेवताना.)

तुझे सासरेही बोलणार नाहीत. पण परवा अर्पिता फोनवर त्यांना म्हणाली, "आबा, विहीर काठोकाठ भरली का?" ते म्हणाले, "तू येशील तवा काठोकाठ दिसंल बग." फोन ठेवल्यावर मी म्हणाले, अहो, ती विहीर काठोकाठ भरणारी नाही, भक्तीनं सांगितलंय, तिचं पाणी खालीच राहणार. तर म्हणाले, "लेकरू सेलूवरनं येणार आन् तिला अर्धीमुर्धी विहीर दाखवायची?" तुला त्यांचा स्वभाव माहीत आहे. पाहुण्यापुढं अर्धा तांब्या ठेवला तर आयुष्यभर लक्षात ठेवणारा माणूस.

ह्या वेळी बरणीत तू गुळाचा खडा पाठवलास. मोठा होता. मी कुणाला दिला नाही.

तुझी,
आत्या


थडी जांभळी
२३ जून, सोमवार

चि. राजेश्रीस,

रविवारची वाट पाहत नाही, हे पत्र टपालात टाकते.

काल जे झालं ते तू पाहिलंस. तरी मी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. मांडव, हळदीकुंकू, पुरणाचा वास, सगळं नीट होतं. तू आलीस, मला वाकून नमस्कार केलास, आणि तुझी पिशवी मी उचलून पाहिली. जड होती. एका दिवसाला येणारीची पिशवी इतकी जड नसते. मी मनात कुणाकुणाला नवस बोलून घेतले.

मग नळ सोडला. पहिला तांब्या अर्पिताच्या हाती द्यायचा म्हणून गंगम्मानं भरला, आणि त्यात चहासारखं पाणी आलं. गावानं पाहिलं, तू पाहिलंस. तू अर्पिताच्या हातातून तांब्या काढून घेतलास, खाली ठेवलास, आणि माझ्याकडे बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं. मग तुम्ही दोघी पानावर न बसता ताडकळसच्या गाडीनं निघून गेलात, आणि तुझा नवरा मोटारसायकल घेऊन तुमच्या मागं. तो एकटाच परत आला.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. भक्तीनं पळत जाऊन पंप बंद केला. विहिरीत डोकावली. विहीर काठोकाठ भरलेली होती. आदल्या संध्याकाळी निम्म्याच्याही खाली पाणी होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला, नदी चढली हे खरं, पण वाळूतून पाझरून एका रात्रीत एवढं येत नाही. भक्ती म्हणाली, "कुणीतरी नदीत मोटार टाकून विहीर भरली आहे." सगळे एकमेकांकडे बघायला लागले. व्यंकटराव म्हणाले, "मी न्हाई बाबा, मी तर मांडवाच्या मागं होतो." कुणीच हो म्हणालं नाही.

म्हणजे विहीर चुकलेली नाही, राजेश्री. पाणी वाळूतून आलंच नव्हतं. नदीचं लाल पाणी तसंच्या तसं नळाला आलं. ज्या पाण्याला घाबरून तू गेलीस, तेच तुझ्या पुढ्यात तांब्यात घालून ठेवलं. मला फार रडू आलं. पुरणपोळ्या शेवटी कुत्र्यानं खाल्ल्या, आणि एवढ्या खाल्ल्या की आज तो उठत नाही.

कुणी केलं, ते मला माहीत नाही.

परमेश्वर म्हणतो, शाळेत अजून नाव घातलेलं नाही, जुलैच्या शेवटपर्यंत घेतात. तेवढं थांबशील का, हे विचारायला आज मला तोंड नाही.

घरी बाकी ठीक. तुझे सासरे कालपासून जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणतात. नदीवरची आपली मोटार त्यांनी घरी आणून ठेवली आहे, पाइप धुऊन, गुंडाळून. पावसाळा आहे, मोटार लागत नाही, म्हणून आणली असेल.

तुझी,
आत्या


थडी जांभळी
५ जुलै, शनिवार

चि. राजेश्रीस,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. कुणी केलं ते मला माहीत होतं. पाइप बघूनच कळलं होतं. पण नवऱ्यानं आपण होऊन सांगावं आणि मग मी लिहावं, असं मला वाटलं. त्यांनी सांगितलं. म्हणून आता लिहिते.

मंगळवारी भक्ती आली आणि पारावर सगळ्यांना बसवून म्हणाली की विहीर पूर्ण उपसावी लागेल, नदीचा गाळ तळाला बसला आहे, तो काढला नाही तर खालची भोकं बुजतील आणि विहीर कामातून जाईल. कुणी केलं हे तिनं विचारलंसुद्धा नाही. तेवढ्यात तुझे सासरे उठले. तुला माहीत आहे, ते पारावर बसतात पण बोलत नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मॅडम, मी भरली विहीर. मोटार माझी, पाइप माझा. नात यायली म्हणून भरली. विहीर नदीचीच हाय, तवा पानी वाळूतनं आलं काय आन् पाइपातनं आलं काय, मला वाटलं एकच." मग खाली बसले. व्यंकटराव कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोलले. म्हणाले, "बन्सीधरराव, मोटार माझी तुमच्याहून मोठी हाय. मला सुचलं असतं तर मीबी भरली असती." सगळे हसले, भक्तीसुद्धा. तुझे सासरे हसले नाहीत.

आपल्याच मोटारीनं त्यांनी विहीर उपसली. आणि तळ उघडा पडल्यावर दोर बांधून, शिडी लावून स्वतः खाली उतरले. परमेश्वर म्हणाला, "आबा, तुमी वर थांबा, मी काढतो." ऐकलं नाही. मग तोही उतरला. बाप-लेक घमेल्यानं गाळ भरायचे आणि वर सांबप्पा आणि गावातली माणसं ओढायची. मी आणि गंगम्मा काठावर होतो.

सगळ्यात खाली बोटभर लाल चिखल होता. तो हातात घेऊन तुझे सासरे बघत राहिले. परमेश्वरानं विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "मी तिला म्हणलो, आमी काय मेलो का." मग चिखल घमेल्यात टाकत म्हणाले, "एक मेलतं की."

मला वर ऐकू आलं. विहिरीत आवाज मोठा होतो.

तुला हे कुणी सांगितलेलं नाही. परमेश्वराच्या आधी आम्हाला एक मुलगी होती, त्रिवेणी. दीड वर्षाची होती. श्रावणात, नदीला असंच लाल पाणी होतं तेव्हा, तिला हगवण लागली. परभणीला नेईपर्यंत राहिली नाही. तिचं नाव आम्ही घरात घेत नाही. मला वाटायचं ते विसरले. मी त्यांच्यावर त्याचा राग धरून होते, हे मला विहिरीच्या काठावर कळलं. ते विसरले नव्हते. ते असं मानून बसले होते की पाण्यानं काही होत नाही, कारण पाण्यानं झालं असं मानलं तर पाणी कुणी आणलं तेही आठवायला लागलं असतं. त्या दिवशी कळशी त्यांनीच आणली होती.

ते वर आल्यावर मी हातपाय धुवायला पाणी दिलं, आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.

हे मी तुला ये म्हणायला लिहीत नाही. तू त्यांच्यावर रागावलीस ते बरोबरच होतं. फक्त ज्या माणसावर तू रागावली आहेस तो कसा आहे, हे तुला पूर्ण माहीत असावं.

तुझी,
आत्या


थडी जांभळी
१९ जुलै, शनिवार

चि. राजेश्रीस,

फोन केलास. अर्पिताच्या कानाला न लावता स्वतः बोललीस. "मामा जेवले का?" एवढंच विचारलंस आणि ठेवलास. मी त्यांना सांगितलं. ते बाहेर जाऊन बराच वेळ कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या काढत बसले.

आता कामाचं. नमुना पुन्हा गेला आणि पास झाला. भक्तीनं खात्री म्हणून आठवड्यानं आणखी एक पाठवला, तोही पास. आणि हे कोणत्या दिवसांत, तर नदी दोन्ही काठ धरून वाहते आहे, बाभळीच्या फांद्या वाहत येतात, पाण्याचा रंग विटेसारखा. मी मळईत उभी राहून एकीकडे नदी बघते आणि दुसरीकडे विहिरीत बघते. आत पाणी नितळ आणि शांत. मला तर अजून खरं वाटत नाही. ह्या पावसाळ्यात गल्लीत एकाही लेकराला जुलाब नाही. गंगम्मा म्हणते, दृष्ट लागेल, बोलू नको. मी लिहिते आहे, बोलत नाही.

परमेश्वराबरोबर एक बाटली पाठवते. आज सकाळी तुझ्या सासऱ्यांनी स्वतः नळावर भरली. आधी बाटली तीनदा विसळली, मग भरली, मग उजेडात धरून बघितली, मग ओतून टाकून पुन्हा भरली. प्यायचं नसेल तर पिऊ नकोस, नुसती खिडकीत ठेव. पाण्याला औषधाचा थोडा वास आहे. तो तुझा वास आहे, तुला आवडेल.

पंचमी जवळ आली. लेकीबाळी माहेरी यायला लागल्यात, गल्लीत झोके बांधलेत. मी विचार करत होते की तुला पंचमीला माहेरी कसं पाठवावं. माहेरी जायचं तर आधी सासरी असावं लागतं ना, बाई.

तुझी,
आत्या


थडी जांभळी
२६ जुलै, शनिवार

चि. राजेश्रीस,

हे पत्र मी परमेश्वराकडे देणार नाही. उद्या तो तुम्हा दोघींना घेऊन येणार, तेव्हा हे तुझ्या खोलीत उशीखाली ठेवते. तू गेलीस तेव्हापासून पत्रं लिहायची सवय लागली आणि आता ती मोडायची कशी, ते मला कळत नाही. तू घरात असलीस तरी अधूनमधून लिहीन. उत्तर तीन शब्दांचं चालेल.

गेल्या रविवारी तुझा नवरा सेलूहून आला तो डोक्याएवढं गाठोडं घेऊन. उघडलं तर आत तुझं पातेलं. ते दिवाळीला घेऊन गेलेलं, पाणी उकळायचं. म्हटलं, आमच्या घरची वस्तूसुद्धा हिला ठेवायची नाही. मग वर बांधलेलं फडकं सोडलं. पातेलं रिकामं नव्हतं. त्यात अर्पिताची झबली, फ्रॉक, तिची लाल टोपी, सगळं घडी घालून ठेवलेलं. आणि वर साखरेची पुडी.

मी ते जमिनीवर ठेवून तिथेच बसले. परमेश्वर म्हणाला, "आई, रडायलीस कामून? रविवारी यायल्यात त्या." मी म्हणाले, मी रडत नाही, साखर किती पाठवली ते बघते आहे. अंगणवाडीतल्या बाईंना मी दुसऱ्याच दिवशी सांगून आले की एक लेकरू वाढणार.

कपडे मी पातेल्यातून काढले नव्हते. म्हटलं, तू येऊन काढशील. रोज झाकण उघडून बघायचे आणि परत ठेवायचे.

आज संध्याकाळी देवापुढं दिवा लावून स्वयंपाकघरात आले तर तुझे मामा शेगडीपुढं उभे. कपडे काढून तुझ्या पलंगावर ठेवलेले, घडी न मोडता. पातेलं घासलेलं, नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं, आणि खाली गॅस पेटवलेला. ह्या माणसानं जन्मात स्वतःच्या हातानं चहा केलेला नाही. मी म्हणाले, "अवं, पानी दोनदा पास झालंय. आता कामून उकळायलाव?"

म्हणाले, "पानी पास झालंय. मी कुठं झालो?"

मग त्यांनीच विचारलं, "किती उकळायचं असतंय?" मलाही ते माहीत नव्हतं. तू इतकी वर्षं उकळत होतीस आणि आम्ही दोघांनी कधी विचारलं नाही. मघाशी बारीक बुडबुडे येत होते, आता मोठे यायला लागलेत, पाणी काठावरून शेगडीवर सांडतं आहे, आणि ते हातात चिमटा धरून अजून तसेच उभे आहेत, माझं ऐकत नाहीत. उद्या आलीस की पिशवी खाली ठेवायच्या आधी त्यांना तेवढं सांग.

तुझी,
आत्या